कवडसे गोल का असतात? (आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जवळच भटकण्याबद्दल)

ठिपका

दरवर्षी मार्च संपत आला की माझं एक ठरलेलं नाटक असतं. लांबच्या जंगलांची यादी करायची, कोण येतंय म्हणून दहा जणांना विचारायचं, आणि मे अर्धा सरला की पंख्याखाली पडून दुसऱ्यांचे फोटो बघत हळहळायचं. यंदा गुडघ्यानेच पडदा पाडला. चालायचं, पण सपाटीवर आणि बेताने, असा हुकूम झाला.

मग घरापासून तळ्यापर्यंतची वाट धरली. जेमतेम किलोमीटरभर. कडेने झाडं, मध्ये एक पडकी भिंत, शेवटी तळं आणि त्याच्या काठावर एक सिमेंटचं बाकडं. इतकी वर्षं या वाटेवरून मी फक्त ये-जा केली होती. आता रोज उजाडायच्या आत निघते, सोबत पोस्टकार्डाएवढी वही आणि एक २बी पेन्सिल. खोडरबर मुद्दाम घरी ठेवते. तो असला की मी खोडतच बसते.

नियम दोनच केले. एका फेरीत एकच गोष्ट काढायची, आणि चित्र वाईट आलं तरी पान फाडायचं नाही. दुसरा नियम पाळणं फार जड गेलं. पहिल्या आठवड्यातली पानं बघितलीत तर म्हणाल, बाईंनी बटाटे काढलेत. ते बुलबुल आहेत.

पण काढायला बसल्यापासून दोन कोडी पडलीत, आणि धागा खरं तर त्यासाठीच उघडलाय.

कोडं पहिलं. वाटेवर एक पांगारा आहे, ऐन बहरात. लालभडक. पण मी अंधुक उजेडात पोचते तेव्हा ती फुलं चक्क काळी दिसतात आणि बाजूची हिरवी पानं त्यांच्यापेक्षा उजळ! अर्ध्या तासात ऊन यायला लागलं की फुलं पेटल्यासारखी लाल. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

कोडं दुसरं. बाकड्यावर झाडाची सावली पडते आणि तिच्यात कवडसे. ते काढताना लक्षात आलं, सगळे गोल किंवा लांबट गोल. पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या, कोनेरी. मग उजेडाचे ठिपके गोल का? (आयडी ठिपका असून मला हे माहीत नाही, हसू नका.)

आणि तिसरं, कोडं नाही, चौकशी. साडेनऊनंतर बाहेर बसवत नाही. मग दुपारी मी चित्रं बघायला जाते, संग्रहालय किंवा एखादं प्रदर्शन. सकाळी झाडं आणि दुपारी चित्रं, ही जोडी मला भलतीच जमून आल्यासारखी वाटतेय. तुम्ही कोण कोण असं जवळच्या जवळ भटकता? काय बघता, काय काढता? लिहा.

रानवारा

धागा आवडला. वाचनखूण साठवली. बटाट्यांबद्दल वाईट वाटून घेऊ नका, बुलबुल बसतोच तसा गोळा होऊन.

मी पक्षीवाला, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो. उन्हाळ्याची सुरुवात हा ऐकायचा मोसम आहे. दयाळ वर्षभर गप्प असतो म्हटलं तरी चालेल, आणि आता पहाटे उंच शेंड्यावर बसून अशी शीळ घालतो की थांबावंच लागतं. जो 'कुहू' ऐकून आपण सगळे 'कोकिळा गातेय' म्हणतो, तो नर असतो, काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं किक्-किक्-किक्. शतकानुशतकं कवींनी श्रेय चुकीच्या खात्यात जमा केलंय.

तुमच्या वाटेवर 'टुक् टुक् टुक्' असा एकसुरी ठोका येतो का? तांबट. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि गळ्याशी लाल. गंमत बघायची असेल तर दुर्बीण लावा: आवाज काढताना चोच बंद असते आणि गळ्याची कातडी दर ठोक्याला फुगते. शिवाय तो मान इकडून तिकडे फिरवत असतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. मी एकदा चुकीच्या झाडाखाली वीस मिनिटं उभा होतो.

तो वाळक्या फांदीत स्वतः भोक कोरून घर करतो. म्हणून वाटेवरच्या सगळ्या वाळक्या फांद्या 'साफसफाई' म्हणून तोडायला कोणी निघालं तर जरा अडवा.

एक विनंती सगळ्यांनाच. हा घरट्यांचा काळ आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढ्यात बोलावू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, आणि पिल्लांचं सोडून तो तुमच्या खिशाशी भांडत बसतो.

कोरडी विहीर

विरोधी सूर लावतो, राग मानू नये. फोनमध्ये उत्तम कॅमेरा असताना पेन्सिलीने बटाटे काढण्यात नक्की काय हशील? फोटो काढा, घरी येऊन मोठा करून बघा, हवं तर नाव शोधणाऱ्या अॅपला दाखवा. दोन मिनिटांत काम. हे वही-पेन्सिल प्रकरण मला थोडं 'बघा मी किती निवांत आहे' छापाचं वाटतं.

ठिपका

@कोरडी विहीर, राग कसला. मीही फोटो काढतेच. काल मुद्दाम दोन्ही करून बघितलं.

बहावा फुलायला लागलाय. फोटो छान आला: पिवळा घोस, मागे निळं आकाश. माझ्याकडे असे बहाव्याचे निदान चाळीस फोटो असतील. मग खाली पडलेलं एक फूल तळहातावर घेतलं आणि काढायला बसले. पाकळ्या पाच, ते माहीत होतं. पुंकेसर काढताना अडले. तीन भलतेच लांब, आधी खाली झुकून मग टोकाशी वर वळलेले, मासे पकडायच्या गळासारखे. चार मधल्या उंचीचे. आणि तीन इतके इवले की ते मोडलेत असं समजून मी दुसरं फूल उचललं. त्यातही तीनच इवले. तिसऱ्यातही. म्हणजे दहा पुंकेसर आणि तीन मापं. चाळीस फोटोंमध्ये हे मला एकदाही दिसलं नव्हतं, आणि फोटोत ते होतं, हेच तर. कॅमेऱ्याने बघितलं होतं, मी नाही.

चित्र तसंही कोणाला दाखवायचं नाहीये. पेन्सिल फक्त नजर एका जागी खिळवायच्या कामाची.

रानवारा

त्या बहाव्यावर मोठा काळा भुंगा येतो ना, तो जो लाकूड कोरतो, त्याच्याकडे बघा. फुलाला धरून अंग थरथरवतो, आणि आवाजाची पट्टी एकदम वर जाते. मधल्या केसरांचे पराग त्याला खायला. तो ते गोळा करत असताना लांब केसर वळून त्याच्या अंगाला पराग चोपडतात, ते पुढच्या फुलाला. एकाच फुलात पंगत वेगळी आणि टपाल वेगळं.

त्रिज्या

विज्ञान शिकवते, त्यामुळे दोन्ही कोडी बघून राहवलं नाही.

पांगारा: चष्मा ठीक आहे. डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी काम करतात. भरपूर उजेडात शंकूपेशी, त्यांना रंग कळतात. अंधुक उजेडात दंडपेशी, त्यांना रंग कळत नाहीत, आणि लाल प्रकाश तर जवळजवळ जाणवतच नाही. निळ्या-हिरव्याकडे मात्र त्या तल्लख. म्हणून पहाटे लाल फूल काळं आणि पान उजळ. झेक शास्त्रज्ञ पुर्किंये याने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, आणि तोही असाच पहाटे फिरायला जाणारा, फुलांकडे बघणारा माणूस होता. आजही या बदलाला त्याचंच नाव आहे. संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने होतं, पण सकाळी जास्त ठसतं, कारण डोळे रात्रभर अंधाराला सरावलेले असतात.

कवडसे: हे माझं अतिशय लाडकं आहे. ते फटीचे आकार नाहीतच. प्रत्येक गोल कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. पानांमधली बारीक फट सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखी (भिंगाऐवजी टाचणीएवढं भोक असलेला कॅमेरा) वागते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा टाकते. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल. ऊन तिरपं असलं की तोच लांबट होतो. खात्री करायची तर खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी झाडाखाली उभं राहा: सगळे कवडसे कोरीसारखे होतात, शेकडो चंद्रकोरी जमिनीवर!

आता गृहपाठ. सूर्य आपल्याला साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. हिशेब केला तर कवडशाचा व्यास हा फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे १०८ व्या हिश्शाएवढा येतो. म्हणजे फट किरणाच्या रेषेत पाच मीटरवर असेल तर कवडसा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. उलटं करा: कवडसा मोजा, १०८ ने गुणा, आणि फट किती लांब आहे ते सांगा. वही उन्हाच्या समोर काटकोनात धरायची, म्हणजे गोल नीट पडतो. फट मोठी असली तर हे चालत नाही, तेव्हा फिकट, कडा धूसर असलेले गोलच निवडायचे.

ओला कुंचला

या धाग्यावर रंगवाला कोणी नाही का? बरं, मी येतो.

ठिपकाताई, पेन्सिलवरून जलरंगावर याल तेव्हा (याल, मला माहीत आहे), तेव्हा उन्हाळ्याचा त्रास कळेल. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही. आत्ता उलट. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) डावीकडून सुरू केला की उजवीकडे पोचेपर्यंत डावी कड वाळून रेघ पडलेली. यावर उपाय म्हणून मी कागद आधी दोन्ही बाजूंनी पाण्याने भिजवतो आणि गुळगुळीत पाटीवर चिकटवतो. ब्रश एक नंबर मोठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद सावलीत. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की डोळे दिपतात. आपण त्या नादात रंग गडद लावत जातो, आणि घरी आणून बघावं तर चित्र काळवंडलेलं. पहिली दोन वर्षं मी यासाठी रंगांना दोष दिला.

सावलीच्या रंगाबद्दल. काळा घेऊ नका. उघड्या जागी जमिनीवरची सावली नीट बघा, तिच्यात निळा असतो, कारण तिथे सूर्य पोचत नसला तरी आकाशाचा उजेड पोचतो. आणि सावली आधी आखून ठेवा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. तुम्ही खोड निवांत रंगवून सावलीकडे वळेपर्यंत ती दुसऱ्याच जागी गेलेली असते. फ्रेंच चित्रकार मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची वीसहून अधिक चित्रं केली, तेव्हा तो यावर तोडगा म्हणून बरेच कॅनव्हास सोबत ठेवायचा. उजेड बदलला की हातातला खाली, पुढचा वर. आपल्याला एवढी हमाली नको. वहीच्या एका पानावर चार चौकटी आखा, दर पंधरा मिनिटांनी एक.

कोवळ्या पालवीचा हिरवा ट्यूबमधून थेट काढलात तर प्लास्टिकचा दिसतो. लिंबू पिवळ्यात निळ्याचा ठिपका, आणि अगदी कणभर तांबूस मातकट. बऱ्याच झाडांची पालवी तर आधी हिरवी नसतेच. कुसुम बघा, फूल म्हणून फसावं अशी लाल पानं. पिंपळाची तांबूस, तकतकीत. दहा-पंधरा दिवसांत हा खेळ संपतो आणि सगळं एकसारखं हिरवं होऊन बसतं, मग रंगवायला मला कंटाळा येतो.

अवांतर: ट्यूबवरून आठवलं. रंगाची दाबायची धातूची नळी १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने काढली. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. टाचणीने भोक पाडायचं, रंग पिळायचा, भोक बुजवायचं. ती पिशवी प्रवासात फुटली की कपड्यांचं काय होत असेल! बाहेर जाऊन रंगवणारे इतके लोक पुढे निघाले त्यात त्या नळीचा मोठा वाटा आहे.

आणि ब्रश धुतलेलं पाणी तळ्यात ओतू नका. काही रंगांत तांबं, कोबाल्ट, कॅडमियम असतं. बाटलीत भरून घरी न्या.

आजोबांची छत्री

वय ७६. हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही, त्यामुळे चित्रकलेचा नाद सोडला होता. नातू सुट्टीला आला आहे. त्याच्याबरोबर रोज सकाळी बागेत जातो. गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी एक उद्योग सुरू केला, तो इथे नोंदवतो.

पातळ कागद झाडाच्या खोडावर धरायचा, नातवाने घट्ट दाबून, आणि मी मेणाचा खडू आडवा धरून वरून घासायचा. खोडाची नक्षी कागदावर उमटते. यात थरथरता हात आडवा येत नाही, किंबहुना जरा मदतच होते. वडाची साल, सुबाभळीची साल, नारळाच्या खोडावरचे कडे, प्रत्येकाचा ठसा निराळा. आमच्याकडे आता अकरा झाडं झाली. घरी आल्यावर कागद पालथे करून ओळखायचा खेळ खेळतो. नातू हरत नाही.

माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये जमिनीच्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून असंच घासलं आणि त्या नक्षीतून जंगलं आणि पक्षी काढले, असं मागे वाचलं होतं. नातवाला सांगितलं. तो म्हणाला, त्यांनी आपली आयडिया चोरली.

साल सोलायची नाही, चीक येणाऱ्या झाडाला आधी विचारायचं (म्हणजे मला विचारायचं), आणि मुंग्यांची रांग असेल तिथे कागद लावायचा नाही. शेवटचा नियम अनुभवातून.

ठिपका

काका, हे फार सुंदर आहे. पडक्या भिंतीवर करून बघते. तिच्यावर दगडफुलाचे गोल आहेत, राखाडी. त्यांच्यावर घासू नये ना?

आजोबांची छत्री

नको. दगडफूल अतिशय सावकाश वाढतं. तळहाताएवढ्या गोलाला किती वर्षं लागली असतील कोण जाणे. ते काढा, घासू नका.

अनवाणी

सगळं वाचून हुरूप आला, पण एक बोलतेच. पहाटे अंधुक उजेडात एकटीने निर्जन वाटेवर वही घेऊन बसायचं, हे लिहायला सोपं आहे. मी प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी एक जण मागे येऊन उभा राहिला, 'काय काढताय, दाखवा की', हललाच नाही.

त्यानंतर एका गटाबरोबर निसर्गफेरीला गेले. नाव घेत नाही. साठ माणसं, पुढे भोंगा घेतलेला एक जण, दर झाडापाशी लॅटिन नाव आणि औषधी उपयोग. दोन तासांत चाळीस झाडं. एकाही पानाला हात लावला नाही मी. पक्षी अर्थातच पुढच्या गावी गेले असणार.

आता तोडगा सापडलाय: मैत्रीण आणि मी. एकत्र जातो, हाकेच्या अंतरावर वेगवेगळ्या बसतो, तासभर बोलायचं नाही. पाठ भिंतीला किंवा खोडाला टेकवून बसायचं, मागून कोणी डोकावत नाही. आणि कानात वायर घालायची, गाणी बंद. 'ऐकू येत नाही' या सबबीसारखी दुसरी सबब नाही.

ठिपका

@अनवाणी, हे लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या वाटेवर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून मला हे सुचलंच नाही. वायरची युक्ती चोरते.

सातासमुद्रापार

मी उत्तरेकडच्या देशात असतो. इथे उन्हाळ्याची सुरुवात म्हणजे मे संपताना. तुम्ही सावली शोधताय आणि इथे माणसं ऊन दिसलं की गवतावर आडवी होतात.

इथली अडचण वेगळी. पक्ष्यांची पहाट ऐकायची तर तीनला उठावं लागतं, जूनमध्ये उजाडतंच तेव्हा. मेच्या पहिल्या रविवारी पहाटेचं पक्षिगान ऐकायला जायचा एक आंतरराष्ट्रीय दिवस पाळतात. मी गेल्या वर्षी गेलो. आमच्यातल्या एका बाईंना दिसत नाही. त्या बोटांवर मोजत होत्या, कोणता पक्षी कुठून सुरू झाला, आधी कोण, मागून कोण. आम्ही बाकीचे डोळे फाडून झाडांत बघत होतो आणि काही सापडत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटले.

चित्र वगैरे मला येत नाही. मी त्या दिवशी आवाजाचा नकाशा काढला. पानाच्या मध्ये मी, आणि ज्या दिशेने आवाज आला तिथे खूण. नाव माहीत नसेल तर नागमोडी रेघ, टोचणारा आवाज असेल तर काटे. दहा मिनिटांत पान भरलं. ठिपकाताईंच्या गुडघ्यालाही चालेल.

अर्धा तास

दुपारच्या भागावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे दोघा अभ्यासकांनी मोजलं होतं. २००१ मध्ये ते छापून आलं. सरासरी निघाली २७ सेकंद. आणि ती नावाजलेली चित्रं होती. आपणही तेच करतो: दालन एक, दालन दोन, पाय दुखले, संपलं. वर अनवाणी यांनी लिहिलेली चाळीस झाडांची फेरी आणि ही, एकाच जातीची.

मी आयडीप्रमाणे वागतो. एका दुपारी एक चित्र, अर्धा तास. पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग कंटाळा येतो, खराखुरा, पाय बदलावेसे वाटतात, पहारेकरी संशयाने बघायला लागतो. साधारण बाराव्या मिनिटाला काहीतरी सुटं होतं. एकदा एका जुन्या निसर्गचित्रात मला त्या मिनिटाला कळलं की झाडांच्या सावल्या एका बाजूला आहेत आणि माणसांच्या दुसऱ्या. चित्रकाराने माणसं नंतर, घरात बसून घातली असणार. आता ते चित्र माझं झालं.

सकाळ-दुपारची जोडी लावायचीच तर दोन नावं. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५०३ मध्ये गवताळ मातीचा एक तुकडा रंगवला, जलरंगात. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात असतो तो, पण चित्र जालावर मोठं करून बघता येतं. त्यात ना डोंगर, ना माणूस, ना आकाश. गवताची पाती, मिटलेली पिवळी रानफुलं, खाली ओली माती. बघणाऱ्याचे डोळे उंदराच्या उंचीवर. सकाळी तळ्याकाठी पोटावर पडलं तर जे दिसेल तेच.

दुसरा मुघल दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर. जहांगीराने त्याला 'नादिर-उल-अस्र' (युगातलं आश्चर्य) ही पदवी दिली होती. १६१२ च्या सुमारास गोव्याहून दरबारात एक टर्की आला, तोवर तिथे कोणी न पाहिलेला पक्षी. मन्सूरने त्याच्या मानेवरच्या सुरकुत्या आणि निळे-लाल लोंबते मांसल भाग असे काढलेत की पक्षी ओळखीचा नसतानाही मन्सूर चकित झालेला नव्हता, शांतपणे बघत होता, हे कळतं. आपण नवीन काही दिसलं की आधी नाव विचारतो.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळतात. आसपासच्या संग्रहालयात काही खास ठेवलंय का, चौकशी करा. वहीत पेन्सिलीने काढायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. शाईचं पेन आणि ओले रंग मात्र सहसा चालत नाहीत, आत जातानाच विचारून घ्यावं.

कोरडी विहीर

आलो परत. हसायचं तेवढं हसून घ्या.

रविवारी वही घेऊन खाली गेलो. बायकोने विचारलं, हिशेब लिहायला चाललात का. म्हटलं हो. कावळा काढायचा ठरवलं. कारण तो सोपा, एका रंगाचा. पहिली गोष्ट, तो एका रंगाचा नाही. मान आणि छाती राखाडी. पन्नास वर्षं मी कावळ्याला काळा समजत होतो. दुसरी गोष्ट, तो उभा राहत नाही. माझी पाच चित्रं झाली, पाचही कोंबड्या.

पण बसून राहिलो म्हणून दिसलं. तो एक तारेचा तुकडा वाकवत होता. पायाखाली धरून चोचीने ओढायचा, सोडायचा, परत. निदान दहा मिनिटं. शेवटी तार कुठेतरी सुटली आणि ती घेऊन तो समोरच्या झाडावर. तिथे काड्यांचा ढीग. घरटं! त्यात आधीच दोन-तीन तारा लोंबतायत. मी फोटो काढला असता तर दोन सेकंदांत निघून गेलो असतो, एवढं कबूल करतो. यापेक्षा जास्त कबूल करणार नाही.

रानवारा

विहीरसाहेब, आता त्या झाडावरून नजर हटवू नका. आसपास तपकिरी, ठिपकेवाली मादी गुपचूप बसलेली दिसली तर कळवा. कोकीळ नर कावळ्यांच्या पुढ्यात जाऊन त्यांना मागे लावतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून मोकळी होते, असं बऱ्याच निरीक्षकांनी लिहिलंय. मला अजून कधी सापडलेलं नाही.

कोरडी विहीर

कळवतो. सकाळी किती वाजता बसावं?

ठिपका

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा इतका वाहील असं वाटलं नव्हतं.

आज त्रिज्याताईंचा गृहपाठ केला. शेजारची नववीतली मुलगी सोबत होती, तिला गुणाकारासाठी नेलं होतं. बाकड्यापाशी वही उन्हाला आडवी धरली. आधी जो कवडसा निवडला तो चौकोनी निघाला, म्हणजे फट मोठी. मग एक फिकट, धूसर कडेचा सापडला. वारा आला की तो विझायचा, थांबला की परत उगवायचा, जागा तीच. पेन्सिलीने त्याची कड आखली, पण आखून पूर्ण होईपर्यंत तो रेषेबाहेर सरकलेला. ओला कुंचला म्हणाले होते ते सूर्याचं सरकणं असं डोळ्यांदेखत, वहीवर. मुलगी म्हणाली, मावशी, पृथ्वी फिरतेय ती ही.

माप आलं साडेसात सेंटिमीटर. गुणिले १०८, म्हणजे आठ मीटर दहा सेंटिमीटर. किरणाच्या रेषेत वर बघत गेलो आम्ही दोघी. आठ मीटरच्या आसपास एक वाळकी फांदी होती, तिच्या खालच्या अंगाला नाण्याएवढं गोल भोक. फट ती नव्हती, फट तिच्या बाजूच्या पानांत कुठेतरी. पण भोकातून एक जाड चोच आणि लाल कपाळ बाहेर आलं, आमच्याकडे बघून परत आत गेलं.

मुलीने दुसऱ्यांदा मोजलं तर आठ सेंटिमीटर भरले. माझी वही हलली असणार. उद्या लाकडी पट्टी नेते.